जीप कशी असावी, हे विचारलंस म्हणून

ओरत्तनाडु,
सोमवार, ता. १७ ऑगस्ट १९५९

चि. शेषगिरीस वेंकूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. उत्तराला तीन दिवस लागले, ते कामामुळे नव्हे. मी बरी आहे. कपाळाची खपली पडली. कालव्याला पाणी भरपूर, कुरुवैचं, पहिल्या हंगामाचं भात पोटरीला आलंय. गेल्या तीन आठवड्यांत सहा बाळंतपणं केली, सहाही सुखरूप. विशालाक्षीला सांग, नारत्तंगाईचं लोणचं मुरलं, बसवाल्याच्या हाती बरणी पाठवते. रिकामी बरणी परत हवी, मागच्या दोन तुझ्याच घरी आहेत.

तू विचारलंस, मंडळ आमच्या प्रसूतिकेंद्रासाठी नवी गाडी घेणार, डॉक्टर बंद मोटर घेऊ म्हणतात, तू सेक्रेटरी म्हणून जीपच म्हणतोस, तर दहा वर्षं जीपमधून हिंडलेल्या दाईच्या मते चांगली जीप कशी असावी. आणि त्याच पाकिटात दुसरा कागद आहे, टाइप केलेला, खाली माझ्या सहीला जागा ठेवलेली. त्यात लिहिलंय, की २४ जुलैला ड्रायव्हर प्रतापसिंह दारू प्यायला होता, त्याने जीप कालव्यात घातली आणि त्यामुळे दाई मेलयूरला वेळेत पोचली नाही. गुरुवारच्या बैठकीच्या आत सही कर म्हणतोस. मग त्याला काढता येईल, आणि दारूबंदीच्या खटल्यातही तो कागद चालेल.

आधी जीपचं सांगते. कागदाकडे मग येते.

गाडीचं पोट उंच हवं, हे पहिलं. आपल्या बांधांवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल असतात. बंद मोटर मधल्या उंचवट्यावर अशी बसेल जशी रुसलेली जाऊ, चार माणसांनी उचलल्याशिवाय उठायची नाही. डॉक्टरांना म्हणावं, तुमची मोटर तंजावरात राजवाड्यापासून स्टेशनापर्यंत शोभेल. बाळंतिणी तिथे नसतात.

वर कापडी छप्परच हवं. कळा देणाऱ्या बाईला वारा लागतो. मागची बाकं मात्र आपल्या जुन्या जीपसारखी आखूड नकोत. मी बायकांना पाय दुमडून, कुशीवर, माझ्या मांडीवर डोकं घेऊन आणलंय. बाकाची लांबी कागदावरच्या मापाने ठरवू नकोस. विशालाक्षीला त्यावर निजवून बघ. रागावली तरी चालेल.

पुढे बळकट आकडा हवा. कितीही शहाणी गाडी असो, कधी ना कधी तिला बैल ओढतातच. आणि ती अशी हवी, की ओरत्तनाडूच्या सायकलवाल्यानेसुद्धा बॉनेट उघडून काय बिघडलंय ते ओळखावं. मोडली की मद्रासला पत्र लिहायची पाळी आली, तर तोवर पोर शाळेत जाईल.

आता मुख्य गोष्ट. चारी चाकांत जीव हवा. मोठ्या गिअरच्या शेजारी दोन बुटके दांडे असतात, ते तू पाहिले असशील. एकाने पुढच्या चाकांना ताकद मिळते, दुसऱ्याने गाडी बैलाच्या चालीवर येते. ताकद वाढते, धाव कमी होते. प्रतापसिंह म्हणायचा, "अक्का, सडकेवर मागची दोन चाकं पुरतात. चिखलात चारी लावा. आणि चिखल येण्याच्या आधी लावा, रुतल्यावर नव्हे. तांदळातले खडे आधी वेचतात, दाताखाली आल्यावर नाही." हा दांडा सहज पडायला हवा. जुन्या जीपचा अडायचा. क्लच पूर्ण दाबून, किंचित थांबून, तळव्याने ढकलायचा, बोटांनी ओढायचा नाही. ओढला की खरखरतो आणि दाताखाली वाळू आल्यासारखं आपल्याच अंगावर शहारा येतो.

वरचं वाक्य लिहून झाल्यावर मी खोडणार होते. दाईला कसं कळलं, दांडा ढकलायचा की ओढायचा? तू वकील आहेस. पुढच्या ओळीवर जायच्या आधीच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. राहू दे. खोडत नाही.

शेषगिरी, मला जीप चालवता येते. दोन वर्षं झाली.

माझ्याच हट्टाने शिकले. तू पाच वर्षांचा असताना तुला अक्षरं शिकवायची म्हणून मी स्वतः आधी बाराखडी गिरवली, हे तुला ठाऊक आहे. ही खोड तिथलीच. कालव्याच्या बांधावर पाणी अडवायच्या शटरपासून चिंचेच्या झाडांपर्यंत तीन मैल माणूस नसतं. तिथे प्रतापसिंह उतरून पलीकडे बसायचा आणि चाक माझ्या हाती. पहिल्या दिवशी मी गिअर असा उपसला, की तो म्हणाला, "अक्का, हे बाळ नव्हे, ओढू नका. आपणहून येतं." आम्ही दोघं इतके हसलो, की गाडी बंद पडली. आपलं नऊवारी कासोट्याचं नेसणं पेडलांना फार सोयीचं, हेही तुला सांगून ठेवते. चिंचा आल्या की मी मागच्या बाकावर जायची, डोक्यावरून पदर घ्यायची, आणि गावात शिरताना देवळातून आलेल्या म्हातारीसारखी दिसायची.

त्या शुक्रवारी सकाळी नवाच्या सुमाराला मेलयूरचा माणूस सायकलवरून आला. सीतालक्ष्मीचं दुसरं बाळंतपण, मूल आडवं, हात बाहेर आलेला. मिनिटं मोजायची वेळ. शटरपाशी प्रतापसिंह उतरेना. म्हणाला, "आज नको, अक्का. रात्री पाणी वाढलंय, बांध ओला आहे."

मी म्हणाले, "माझा हात बसलाय. तू पलीकडे सरक."

का म्हणाले? घाई होती म्हणून, असं मी तीन आठवडे स्वतःला सांगतेय. घाई असती तर त्यालाच चालवू दिलं असतं. त्या दिवशी चिंचांपाशी मी उतरणार नव्हते. मेलयूरच्या बायका घाटावर असतात. त्यांनी एकदा बघावं, असं मनात होतं. तेराव्या वर्षी कपाळ पुसलं, तेव्हापासून लोक मला वाटेतून बाजूला सारत आले; शुभकार्याला निघालेला माणूस मला पाहून परत घरात जातो. आणि मी चाक धरून त्यांच्यापुढे येतेय. असलं काहीतरी. साठीला टेकलेल्या बाईला हे शोभत नाही, पण होतं.

चिंचांच्या अलीकडे बांधावरून खाली उतार आहे. प्रतापसिंहाने आधी सांगितलं, "चारी चाकं लावा. बारकी चाल. आणि ब्रेकवर पाय ठेवू नका, इंजिनच धरून ठेवील." दांडे मी नीट लावले. उतार अर्धा झाला तेव्हा मला वाटलं, गाडी पळतेय. पळत नव्हती. पाय आपोआप गेला. चाकं जागच्या जागी थांबली आणि सगळी जीप चिखलावरून तिरपी, अगदी सावकाश, कालव्यात गेली. इतकी सावकाश, की "अक्का, पाय काढा" हे तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा मी आणखी जोरात दाबलं.

नवी जीप घ्याल तेव्हा ब्रेक बघा, पण ब्रेक चांगला असून भागत नाही, हेही लिहून ठेव.

मी माझ्या बाजूने पाण्यात पडले, कपाळाला खोक पडली, पण काठाला लागले. त्याचा खांदा मोडला, तो सीटवरच अडकला. माझी पिशवी त्याच्या छातीवर आदळली होती, तिच्यातली स्पिरिटची बाटली फुटून त्याचा सदरा भिजला. शेतातली माणसं धावली. त्यांनी त्याला ओढून काढलं, वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "कुडिकारन." दारुडा. तो माझ्याकडे बघून तमिळमध्ये मोठ्याने म्हणाला, "वाट चुकली माझी." आणि मग मराठीत, फक्त मला, "अक्का, तुम्ही निघा. पोरीकडे जा. दाई बाईच्या हातून गाडी पडली असं झालं, तर उद्यापासून कोण बोलावील तुम्हाला? मला फार तर दंड होईल."

मी निघाले. दीड मैल ओल्या लुगड्याने चालले. पोचले तेव्हा मूल गेलं होतं. सीतालक्ष्मीला बैलगाडीत घालून तंजावरला नेलं, ती वाचली. गाडी सुटेपर्यंत तिची सासू डोकं आपटून प्रतापसिंहाला शिव्या देत होती. त्याच्या सात पिढ्यांचं वाटोळं मागत होती. मी तिथे उभी होते. तिच्या सुनेचे पाय पांघरुणात गुंडाळत होते. तोंड उघडलं नाही.

त्याला वाटलं होतं दंड होईल. आता लायसन जाणार, नोकरी जाणार, वर तुरुंग. त्याने आयुष्यात ताडीच्या झाडाखालची सावलीसुद्धा घेतली नाही.

तुझ्या मनात आता येईल, आत्या त्याच्यावर दया करतेय, दोष अंगावर ओढून घेतेय. मंडळातले लोकही तेच म्हणतील. विधवा म्हातारी आणि जीप, हसतीलच. म्हणून पुरावा सांगते. गावच्या मुन्सिफाच्या, म्हणजे पाटलाच्या अहवालाची नक्कल तुझ्याजवळ आहे. त्यात लिहिलंय, ड्रायव्हरला उजव्या बाजूच्या सीटवरून काढला. बसचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवीकडचा तोच ड्रायव्हर, असं गावाने धरलं. पण आपली जीप लढाईनंतर लिलावात घेतलेली, अमेरिकन फौजेची. तिचं चाक डावीकडे आहे. तू स्वतः तिच्यात बसला आहेस. आठव. उजवीकडे बसलेला माणूस चाकाला हात लावू शकत नाही, ब्रेकला पाय नाही. डावीकडे मी होते.

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझं पत्र येईपर्यंत मी वाट पाहत होते, की कोणाच्या तरी लक्षात येईल आणि मला बोलावं लागणार नाही. कोणाच्याच आलं नाही.

काल सकाळी त्याची बायको सरोजा आली. तुझ्याकडे माझा शब्द चालतो, म्हणून आली होती. नवऱ्याने तिलाही काही सांगितलेलं नाही. ओट्यावर उभीच राहिली.

म्हणाली, "अक्का, ते कधी पीत नाहीत. तुम्ही दहा वर्षं बरोबर आहात. तुम्हाला माहीत आहे ना?"

मी म्हणाले, "माहीत आहे."

"मग कोणाला सांगितलंत?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. खरोखर नाव हवं होतं, म्हणजे त्या माणसाकडे जाऊन पाया पडता आलं असतं. माझ्याजवळ नाव नव्हतं.

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. मग तिच्यासमोर मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने पत्र लिहिलं, तमिळमध्ये. मला तमिळ लिहिताना वेळ लागतो, दीड तास गेला. हे मराठी पत्र तुझ्याशिवाय तिथे कोणाला वाचता येणार नाही. तू ते वाचशील, दिवा लावशील, विचार करशील, आणि माझ्यावरच्या मायेने कपाटात ठेवशील. मी तुला वाढवलंय, म्हणून सांगते. तशी वेळ तुझ्यावर येऊ नये. लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवलं, खाली सही केली. आज पहिल्या बसने ती ते घेऊन गेली. तुला हे मिळेल तेव्हा अध्यक्षांनी ते वाचलेलं असेल.

ती रागावलीसुद्धा नाही. कागद पदराच्या टोकाला बांधला, दोनदा गाठ ओढून पाहिली. मी ताकाचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. गेली.

टाइप केलेला कागद सोबत परत पाठवतेय, सहीची जागा कोरी आहे. गुरुवारी साडेआठच्या बसने येते. विचारतील त्याला उत्तर देईन. केंद्रातली खोली सोडायला सांगतील, तर माझं सामान दोन ट्रंका आहेत. तुझ्या शब्दाने ही नोकरी मिळाली होती, तर तुलाही खाली मान घालावी लागेल. त्याला माझ्याजवळ इलाज नाही. स्टँडवर मला घ्यायला येऊ नकोस. मंडळासमोर तू सेक्रेटरी आहेस, मी साक्षीदार.

नवी जीप घ्या. प्रतापसिंहाच्या हाती द्या. आणि मेलयूरला मी जाऊन येणार आहे, बैठकीनंतर नव्हे, आधीच, उद्या. त्या सासूपुढे उभं राहायचंय. ती काय बोलेल ते बोलो. तिच्या शिव्या चुकीच्या घरी गेल्या आहेत, त्या परत आणायला मलाच जायला हवं.

लोभ असावा, असं यावेळी मागत नाही.

२४ जुलैला जीप चालवत होती ती,
वेंकूबाई