बूटवाले परत येतो म्हणाले

३ मार्च, सकाळी
आणि सगळ्यांच्या आधी कोण यावं, तर बूटवाले! मला वाटलं होतं नात येईल, गेला बाजार सूनबाई तरी. बटणांवरचा लेख साईटवर टाकला, चहा ठेवायला उठले, परत येते तो खाली कॉमेंट हजर. ‘नमस्कार प्रिय, तुमचे पोस्ट फार उपयुक्त आहे. मी तुमची चाहता. मी पुन्हा भेट देईल. उत्तम बूट अर्ध्या किमतीत.’ मराठी जरा लंगडं आहे, पण माणूस मनाचा मोकळा दिसतो. एवढा धंदा सांभाळून बटणांवर वाचायला बसला, हे काय थोडं झालं?
मी लगेच उत्तर टाकलं. बूट नकोत, टाचांना भेगा आहेत, मला चप्पलच बरी. पण येत जा.
साईटचं नाव ‘आजीचं कपाट’. नातीने मागच्या सुट्टीत करून दिली. हिरवा रंगही तिनेच निवडला. म्हणाली, आजी, तुझ्याकडे बटणं काय, लोकरीचे गुंडे काय, डब्यात लावलेले टोमॅटो काय, किती गोष्टी आहेत, तू लिही, मी रोज वाचेन. रोज म्हणाली. मी चौथीतून घरी बसलेली बाई, एका बोटाने टाईप करते, पण लेख झाला.
आजपासून रोज एक लेख. ठरलं म्हणजे ठरलं.

५ मार्च
काल लेख नाही. स्वल्पविराम सापडेना. दुपारभर शोधला, मग डोळा लागला.
शेजारची मास्तरीण आली होती. पेन्शनीत निघाली तरी बोलणं अजून फळ्यासमोरचं. साईटच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा असतो, तो तिला कौतुकाने दाखवला. तर म्हणते, आजी, तुम्ही स्वतः उघडता ना, तेव्हा तो वाढतो. मी म्हटलं, अगं, मी पाहुणी कशी होईन, माझंच घर ते! बूटवाल्यांचं सांगितलं तर तोंडात पदर घालून हसायला लागली. म्हणे तो माणूस नाहीच, मशीन आहे. मशीन ‘प्रिय’ म्हणेल का? तिला कोणी म्हणत नाही, त्याचं दुखणं.
उद्यापासून अंघोळीच्या आधी साईट उघडायची नाही.

६ मार्च, अंघोळीच्या आधी
सहज उघडली. आकडा वाढलाय.

८ मार्च, रविवार
लेकाचा फोन. दर रविवारी करतो, गुणाचा आहे. माझ्या ओठावर गुडघ्याचं आलं होतं, पण गिळलं. फोनवर सगळं सांगून टाकलं तर साईटवर वाचतील काय? म्हणून आता नियम केलाय : फोनवर ‘बरी आहे’ एवढंच, बाकी सगळं साईटवर. आधी आमचं बोलणं किती लांबायचं, आज चटकन आटपलं. तोही सुटल्यासारखा वाटला. कामं असतात बिचाऱ्याला.
फोन ठेवला आणि ‘माझा उजवा गुडघा’ हा लेख टाकला.

१० मार्च
आज लेकाने आडवारी फोन केला! लाईटबिल भरलंस का, एवढंच विचारलं. गुडघ्याचं अवाक्षर नाही. उघड आहे. लेख वाचलाय, सगळं कळलंय, मग पुन्हा काय विचारणार?
नात काही लिहीत नाही. परीक्षा असेल. वाचून जात असेल, पाय न वाजवता. लहानपणी स्वयंपाकघरात असंच करायची, मागून यायची आणि साखरेचा डबा उघडायची. मी पाठ करून उभी राहायचे, मुद्दाम.

१२ मार्च
लोकरीच्या लेखाला दोन नवे पाहुणे. एक कर्जवाले, कागदपत्रांशिवाय पैसे देतो म्हणतात. किती विश्वास! दुसरे डॉक्टर, टकलावर केस उगवतात. त्यांना कळवलं की आमचे हे गेले तेव्हा डोक्यावर चार केस होते, तुम्ही जरा उशीर केलात. त्यांनी लगेच लिहिलं, ‘छान माहिती, धन्यवाद.’ मास्तरणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, मेल्याच्या बातमीला छान माहिती म्हणतोय! मी म्हटलं, डॉक्टर लोकांना रोजचंच असतं ते.

१५ मार्च, रविवार
आनंदाची बातमी! नात शिकायला परदेशी निघाली! दोन वर्षांसाठी, मध्ये सुट्टीला येणं जमणार नाही. लेक म्हणाला, पुढच्या रविवारी दुपारी तिघं तुझ्याकडे येतो, तासभर बसतो आणि तिथूनच विमानतळावर. तासभर का होईना. मी नियम मोडला नाही. ‘बरं’ म्हटलं. मग साईटवर मोठा लेख टाकला, ‘नात निघाली’. तो लिहिताना दोनदा चष्मा पुसला. एसीमुळे असेल. आमच्याकडे एसी नाही, पण मास्तरणीकडे आहे, त्याचं पाणी आमच्याच खिडकीवर पडतं.

१६ मार्च
डोकं चाललं! पुढच्या दाराला हिरवा रंग द्यायचा, अगदी साईटसारखा. पोरीने दार बघितलं की तिला ओळख पटेल. म्हणेल, अय्या, आजीचं कपाट! मग मी म्हणेन, ये आत. एवढं ठरवून ठेवलंय.
रंगाऱ्याला सांगितलं. बुधवारी येतो म्हणाला.

१८ मार्च, बुधवार
रंगारी नाही.

१९ मार्च
रंगारी नाही. फोन केला तर म्हणे आजी, वाटेतच आहे. मागून लग्नाचा बँड ऐकू येत होता.

२१ मार्च, शनिवार
आला एकदाचा. मी झाडलं : रंगारी आहेस की पाहुणा? तो म्हणतो, आजी, रंग असा बसेल की नाव काढाल. बसला मात्र सुंदर. बेल खोलून ठेवलीय, तार लोंबतेय. ऑईलपेंट आहे, उद्या दिवसभर हात लावायचा नाही, कोणी आलं तर मागच्या दाराने घ्या, सोमवारी दुसरा हात मारतो, असं बजावून गेला.
मी लगेच साईटवर टाकलं. मोठ्या अक्षरात. ‘पुढचं दार ओलं आहे. उद्या गल्लीतून मागच्या दाराने यावे. बेल बंद.’ मास्तरीण म्हणाली, आजी, एक फोन करून सांगा ना सरळ. हिला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचं असतं. रोज वाचणारी पोर आहे, तिला फोन करून तेच सांगायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं नाही का?
बूटवाल्यांचं उत्तर आलंसुद्धा : ‘दाराबद्दल इतकी स्पष्ट माहिती कुठेच नाही.’ घ्या! परक्याला कळतं.

२२ मार्च, रविवार, सकाळी
बिस्किटं काढली. चांगल्या बशा काढल्या. नातीला द्यायला बटणांची डबी पुसून ठेवली, त्यात तिच्या पहिल्या स्वेटरचं लाल बटण आहे, बदकाच्या आकाराचं. परदेशात थंडी असते, बटणं तुटतात. मागचं दार सताड उघडून खुर्ची तिथेच टाकली. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला लावला, आज फोनशी काय काम, माणसंच येणार आहेत.

दुपारी
येतील. गल्लीत गाडी वळवायला वेळ लागतो.

जरा नंतर
चहाचं आधण दोनदा आटलं. पुढे काहीतरी धपधप होतंय, मास्तरीण गाद्या झोडपत असणार. रविवारीसुद्धा चैन नाही बाईला.

संध्याकाळी
आले होते.
रंग वाळला का बघायला पुढे गेले, तर दारावर हात. रंगात उठलेला, पाची बोटांचा, अंगठा जरा बाहेर. त्याच्या आजूबाजूला बुक्क्यांचे डाग, ते लेकाचे, तो लहानपणापासून दार बुक्कीनेच वाजवतो. खाली पायपुसण्यावर हिरवी झालेली रुमालाची घडी आणि मिठाईचा पुडा.
फोनवर लेकाचे कॉल ओळीने पडलेले. मी उलटा लावला. तो म्हणाला, अगं आई, होतीस कुठे? किती वाजवलं! शेजारच्या बाई पण घरी नव्हत्या. म्हणजे गाद्या नव्हत्याच त्या. मी म्हटलं, मी मागच्या दारात बसले होते. मागच्या दारात कशाला, म्हणाला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, साईटवर लिहिलं होतं ना.
कुठली साईट, म्हणाला.
मागून नातीचा आवाज आला. मला चांगलं ऐकू येतं, लोकच हळू बोलतात. ती म्हणाली, बाबा, ते आजीचं... अगं आजी, ते अजून चालू आहे?
मग कुठलीतरी घोषणा झाली. लेक म्हणाला आई, आत बोलावतायत, ठेवतो, तब्येत सांभाळ. सूनबाईंनीही नमस्कार सांगितला. मी विचारलं, तुम्ही दोघं परत कधी येणार? म्हणाला, बघू, सवड झाली की.

२३ मार्च, सोमवार
रात्रभर विचार केला. ‘अजून’ म्हणाली. म्हणजे आठवण आहेच. रोज वाचत असेलच असं नाही, परीक्षा होती, सामान बांधायचं होतं, आणि त्या दिवशी नेमका तिचा नेट गेला असणार. लेकाला तर माहीत नसणारच, हे आमचं दोघींचं.
रंगारी आला, दार बघून कपाळावर हात मारला. कोणी थापटलं हे? आत्ता एका हातात बुजवतो, म्हणाला. मी म्हटलं, बुक्क्या बुजव, पंजा राहू दे. तो म्हणाला, आजी, लोक मला हसतील, दार आहे की शाळेतली चित्रकला? आम्ही पुष्कळ भांडलो. शेवटी पंजा सोडून बाकी रंगवलं आणि चहा न घेता गेला.
मी माझा हात त्यावर धरून बघितला. लावला नाही, नुसता धरला. पोरीचा हात माझ्यापेक्षा मोठा झालाय. साखरेच्या डब्यात मावणार नाही आता.
मास्तरीण येऊन बघून गेली. जाताना पायपुसणं तेवढं सरळ केलं. त्याचाच जास्त राग आला.

२४ मार्च
दाराचा फोटो काढून साईटवर टाकला. खाली काय लिहावं सुचेना, नुसतं ‘हात’ लिहिलं. सकाळपासून अनेकदा उघडून पाहिलं. आकडा चांगलाच वाढलाय.
दुपारपर्यंत कोणी नाही. मग बूटवाले आले. ‘प्रिय, अतिशय सुंदर उत्पादन. आम्ही सोमवार तीस तारखेला परत येत आहोत.’
तारीख देऊन सांगणारं माणूस आजकाल मिळतं कुठे?
सोमवार, तीस. घरीच थांबायचं. या वेळी दोन्ही दारं उघडी ठेवायची.