गिधाडटेकडीवर उशिरा पेटलेला जाळ

परमेश्वराला आणि सर्व संतांना साक्ष ठेवून मी, वाइट फॉन लेर्खनएक, वय वर्षे अडुसष्ट, सम्राटांच्या वतीने मूर नदीकाठच्या या खोऱ्याचा एकतीस वर्षे कारभारी आणि न्यायाधीश, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डावा पाय गेला आहे आणि उजव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो, पण मृत्युपत्राला त्या दोघांची गरज नसते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारी माणसे केव्हाच निघून गेली. लिहिणारा हात लीनहार्टचा आहे. तो पूर्वी माझा कारकून होता, आता गावचा धर्मगुरू आहे. शब्द माझे आहेत. त्याने ते मधे मधे गोड करायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला.

कलम पहिले. माझा देह कोठे ठेवायचा ते पुढे सांगेन, कारण ते या कागदातल्या दुसऱ्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. मला मुलगा नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. आमच्या घराण्याचे नाव माझ्याबरोबर संपते. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल चर्चमध्ये उलटी टांगायची आणि त्याचा शिक्का फोडायचा, ही आमची रीत आहे. ती पाळावी. त्यावर कोणी भाषण करू नये.

कलम दुसरे. वरच्या पाणचक्कीजवळचा मासळीचा तलाव, बांधासकट आणि आतल्या सगळ्या कार्प माशांसकट, मी शेजारचे जहागीरदार पांग्राट्स फॉन ऑडेनफेल्ड यांना देतो. या तलावासाठी ते माझ्याशी बावीस वर्षे भांडले. बांध माझा की तुझा, दरवाजा माझा की तुझा. एकदा भर चर्चमध्ये ते मला म्हणाले होते, "वाइट, तू मेलास तरी त्या पाण्यावर बसून राहशील." नाही बसणार, पांग्राट्स. घे सगळा. उपवासाच्या शुक्रवारी मासा ताटात आला की एवढेच आठव, की एका ऑगस्ट महिन्यातल्या दिवशी आपण दोघे त्या बांधावर दोरी धरून मोजणी करत होतो. त्या दिवशी काय झाले ते पाचव्या कलमात आहे.

कलम तिसरे. लांडग्याच्या कातड्याचा अंगरखा आणि करडी घोडी लीनहार्टला. घोडी म्हातारी आहे आणि चावते. दोघांचे जमेल.

कलम चौथे. माझी मुलगी मार्गारेटा हिची पूर्वेकडची खोली जशी आहे तशीच ठेवावी. चरखा हलवू नये. खिडकीखालच्या पेटीत तिचा लाकडी कंगवा आहे, त्यात तिचे केस आहेत, तो कोणी साफ करू नये. ती बारा वर्षांची असताना तुर्की स्वारांनी तिला नेले. आज ती एकतीस वर्षांची असेल. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, लहानपणी चुलीवरची कढई तिने ओढली होती. असा डाग असलेली कोणीही बाई या दाराशी आली, तर ती कोणतीही भाषा बोलो, कोणत्याही देवाला मानो, बरोबर कोणाचीही मुले असोत, तिला काहीही न विचारता आत घ्यावे. हा वाडा, शेते आणि जंगल तिचे आहे. ती माझ्यानंतर तीस वर्षांत आली नाही तर सगळे गावाच्या रुग्णालयाला द्यावे. तीस वर्षांच्या आत देऊ नये. तिची आई बार्बारा त्याच हिवाळ्यात गेली. वैद्याने छातीचा आजार सांगितला. मला माहीत आहे कसला आजार होता.

कलम पाचवे. यासाठीच मी हा कागद लिहायला घेतला. वरची चार कलमे धीर गोळा करण्यासाठी होती.

तुर्की स्वार खिंडीतून येताना दिसले की गिधाडटेकडीवरच्या रखवालदाराने लाकडांचा ढीग पेटवायचा, दोन बार काढायचे. तो धूर बघून पुढच्या टेकडीने पेटवायचे, आणि खोऱ्याने गुरेढोरे घेऊन तटबंदीच्या चर्चमध्ये शिरायचे. माझ्या काळात रखवालदार रुप्रेख्ट होता. एका वर्षी त्याने जंगलात कोळसा पाडणाऱ्यांचा धूर पाहून जाळ पेटवला. कापणी टाकून सगळे खोरे पळाले, उभ्या पिकावर पाऊस पडला, आणि ग्राझच्या वरिष्ठांकडून मला पत्र आले की तुमच्या टेकड्यांवर दारुडे बसवले आहेत काय. ते पत्र मला झोंबले. मी रुप्रेख्टला लेखी हुकूम दिला: यापुढे माझ्या शिक्क्याची चिठ्ठी हाती आल्याशिवाय जाळ पेटवायचा नाही. कारभारी माणूस मी. ज्यावर शिक्का नाही ते खरे नाही, असे मला त्या वेळी मनापासून वाटे.

तो शिक्का माझ्या बोटात असे. आणि ऑगस्टातल्या त्या दिवशी ते बोट मासळीच्या तलावाच्या बांधावर होते, वाड्यापासून घोड्यावरून दोन तास दूर.

सकाळी रुप्रेख्टला खिंडीत धूळ दिसली. त्याने बायकोला, आफ्राला, खाली पळत पाठवले. ती वाड्याच्या फाटकाशी ओरडत होती, "चिठ्ठी द्या! अहो, कुणीतरी चिठ्ठी द्या!" फाटकावरचे म्हणाले, सरकार नाहीत, शिक्का त्यांच्यापाशी, थांब. ती थांबली. वर रुप्रेख्टही थांबला. दुपारी खालचे गाव पेटलेले दिसले तेव्हा त्याने माझा हुकूम मोडला आणि जाळ लावला. तोवर उशीर झाला होता. मार्गारेटा खालच्या गावात तिच्या धर्ममातेकडे नाशपाती उतरवायला गेली होती.

आठ दिवसांनी मी न्यायाला बसलो. बारा पंच, सगळे शेतकरी, एकालाही अक्षर येत नव्हते. रुप्रेख्टने टोपीच्या अस्तरातून माझा हुकूम काढला आणि पुढे धरला. "सरकार, मला वाचता येत नाही, पण हा तुमचाच कागद ना? तुम्हीच सांगितलं होतं, चिठ्ठीबिगर नाही म्हणून."

मी तो कागद घेतला, वाचला, बाहीत घातला आणि पंचांना म्हणालो, "लाकूडतोडीची पावती आहे. याचा इथे संबंध नाही."

लीनहार्ट शेजारी लिहीत बसला होता. तो हुकूम त्यानेच लिहिला होता. त्याने मान वर केली नाही.

रुप्रेख्टला फाशी दिले आणि चर्चच्या भिंतीबाहेर, खाजरी झुडपे वाढतात तिथे पुरले. माझ्या दुःखाला कोणाची तरी मान हवी होती. माझी स्वतःची द्यायला मी तयार नव्हतो. एवढेच खरे आहे, बाकीची कारणे मी नंतर रचली.

आफ्रा दोन वर्षे प्रत्येकाला सांगत राहिली की कागद होता. लोक तिला वेडी म्हणाले, मीही म्हणू दिले. ती वारल्यावर तिची मुलगी गेर्ट्राउड माझ्या मुदपाकखान्यात आली. तिनेच माझे घर चालवले, माझ्या पायाला पट्ट्या बांधल्या. विळे घडवणारा लोहार योब्स्ट तिच्यासाठी नऊ वर्षे थांबला आहे. फाशी गेलेल्याच्या मुलीशी लग्न केले तर लोहारांचा संघ त्याला हातोडा उचलू देणार नाही. दर जत्रेला तो एक नवा विळा घेऊन येतो, आणि ती म्हणते, "ठेव तिथं. विळ्यांनी भिंत भरली, आता घरी जा." मी हे खिडकीतून ऐकतो.

तो हुकूम मी जाळला नाही. या मृत्युपत्राला तो जोडला आहे. टोपीच्या घामाचा डाग त्यावर अजून आहे.

कलम सहावे. माझ्या मृत्यूनंतर हे पाचवे कलम चर्चमध्ये आणि लोहारांच्या संघापुढे मोठ्याने वाचावे. रुप्रेख्टची हाडे भिंतीबाहेरून काढून आमच्या घराण्याच्या दफनाच्या तळघरात, बार्बाराच्या शेजारी माझ्यासाठी राखलेल्या जागी ठेवावीत. मला त्याच्या जागी पुरावे. नदीकाठचे कुरण आणि त्यावरचे घर गेर्ट्राउडला द्यावे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

इथपर्यंत लिहून झाल्यावर लीनहार्टने लेखणी ठेवली. म्हणाला, "सरकार, हे तिला आधी वाचून दाखवू. नाहीतर मी साक्ष घालणार नाही. एकदा गप्प बसलो, पुरे झालं."

गेर्ट्राउड जवाचे सूप घेऊन आली होती. तिला उभ्याउभ्याच वाचून दाखवले. वाडगा तिने हातातून खाली ठेवला नाही.

"झालं?" तिने विचारले.

"झालं," लीनहार्ट म्हणाला.

"म्हणजे आई वेडी नव्हती."

मी तिला लाडाच्या नावाने म्हणालो, "नव्हती, ट्राउडल."

"मला ट्राउडल म्हणू नका." सूप निवून गेले. शेवटी ती म्हणाली, "कुरण मला नको. आणि हे मेल्यावर वाचणार ना तुम्ही? मेल्यावर कुणीही कबूल होतं. माझे बाबा जिवंत होते तेव्हा उभे राहिले होते तुमच्यापुढं. तुम्हीपण उभं राहून सांगा. लोकांच्या तोंडाकडं बघून."

मी म्हणालो की मला उभे राहता येत नाही.

"मी धरते," ती म्हणाली. "रोज धरतेच की."

मी सम्राटांच्या दरबारात उभा राहिलो आहे, तलवारींपुढे उभा राहिलो आहे. तिच्या त्या वाक्यापुढे मी रडलो. तिने थांबवले नाही, आणि मला जवळही घेतले नाही. ते योग्यच होते.

म्हणून सहावे कलम असे बदलतो. पाचवे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या रविवारी, मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, प्रार्थनेनंतर मी स्वतः म्हणेन. लोहारांच्या संघाच्या प्रमुखाला पुढच्या बाकावर बसवावे. मला मधेच धाप लागली तर लीनहार्टने पुढचे वाचू नये. मी सावरेपर्यंत सगळ्यांनी थांबावे. खोरे माझ्यासाठी आधीही थांबले आहे. कुरणाचे कलम रद्द. हाडांचे आणि माझ्या जागेचे कलम कायम.

लीनहार्टने मेण वितळवले होते. मी अंगठी काढून गेर्ट्राउडच्या हातात दिली आणि सांगितले, योब्स्टकडे जा, ऐरणीवर ठेवून फोडायला सांग. लीनहार्ट म्हणाला, "सरकार, आधी कागदावर तरी उठवा. शिक्क्याशिवाय मृत्युपत्र चालत नाही."

मी म्हणालो, "जाऊ दे तिला."

मूरकाठचा लेर्खनएक वाडा, संत मार्टिनच्या सणाआधीचा शुक्रवार, इसवी सन १४९९.

वाइट फॉन लेर्खनएक, स्वहस्ते.

साक्षीदार: लीनहार्ट, धर्मगुरू, पूर्वीचा कारकून, ज्याने तो हुकूमही लिहिला होता.

साक्षीदार: गेर्ट्राउड, रुप्रेख्ट रखवालदार यांची मुलगी. लिहिता येत नसल्याने फुलीची खूण. अंगठी घेऊन जाण्याआधी केलेली.

या कागदावर शिक्का नाही. तो येण्याची कोणी वाट पाहू नये.