जुईच्या गाण्यात ह्यांचा दम

२ जून
नातीला, जुईला, बारावीला एकसष्ट टक्के. तिला नाटक-गाण्याच्या कॉलेजात जायचंय. दिलीप म्हणतो, "आई, तिथं पण मार्क बघतात." जुई म्हणाली, "पप्पा, निम्मे मार्कांचे, निम्मे ऑडिशनचे." मी म्हणलं, दिल्या, तुझे बारावीचे सांगू का पोरीला? त्यानं ताट पुढं ओढलं.

५ जून
ऑडिशनला नाटकातलं पद पाहिजे. "आज्जी, आजोबांचं शिकव." हे जत्रेच्या नाटकात राजा व्हायचे. आता ते पद माझ्या कानात तेवढं उरलंय. माझा गळा म्हणजे फुटका डबा, तरी शिकवलं. ह्यांच्या फोटोला म्हणलं, राजे, चुकलं तर खाकरा.

९ जून
मी भाकरी थापतीय, पोरगी आत गातीय. दुसऱ्या ओळीत मधेच थांबली, श्वास ओढला, मग सूर उचलला. तंतोतंत हे! भाकरी करपली. ह्यांना तर तिनं बघितलं पण नाय...

१० जून
उलगडलं. शिकवताना मीच तिथं थांबते. पण पदात थांबा नव्हताच. शेवटच्या जत्रेला ह्यांना तिथं दम लागलेला, तेच कानात राहिलं. म्हणजे पोरीला मी ह्यांचं दुखणं शिकवलं.
जुईला म्हणलं, तिथं थांबू नको. "नाय जमत आज्जी. कोणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं."
फोटोकडं बघितलं नाय आज.

१४ जून
ऑडिशन. मी दाराबाहेर बाकड्यावर. दुसरी ओळ आली, थांबली. आत नुसता पंख्याचा आवाज. मग सूर.
सर म्हणाले, "आवाज चांगलाय, पण श्वास तुटतो." बाई म्हणाल्या, "हा थांबा कोणी शिकवला?"
"आजोबांनी."
बाहेर आल्यावर म्हणलं, खोटारडे, शिकवलं कोणी? म्हणाली, "तुझंच नाव घेणार होते गं. तोंडातून तेच आलं."
 

२० जून
यादी लागली. जुई वेटिंगवर पहिली. वरच्या मुलीचं गाणं हिच्याइतकंच, मार्क जास्त. दिलीप "मी सांगत होतो" म्हणाला, पण पोरीच्या डोक्यावरचा हात काढला नाय त्यानं.
सोमवारी वेटिंगवाल्यांना परत ऐकणार. पद तेच.

२२ जून, रविवार
फोटोला हार घातला. म्हणलं, राजे, उद्या तुम्ही घरीच बसा. पोरीला एकटीला गाऊ द्या. आन् लगेच वाटलं, खरंच बसले तर? ह्यांचा दम परत ऐकू कुठं येणार मला...
जुई आत गातीय. दुसरी ओळ आली.
मीच श्वास धरलाय