अठरा अंशांची खोली

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी या घरात आले. घर आवडलं. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि उत्तरेला काचा लावलेली मोठी गॅलरी. माझी धाकटी लेक तिला झाडांची खोली म्हणायची. माझं सामान म्हणजे एक बॅग, एक छत्री आणि ही वही. किल्ली देताना घरमालकीण म्हणाल्या, की ताई, मुलगी गेली त्याच घरात कसं राहवेल तुम्हाला? मी म्हटलं, ती सहा वर्षं राहिली, मी सहा महिने तरी राहून बघते. त्या हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. अशा घरात हसू नये असं त्यांना वाटलं असावं. मला बरं वाटलं. दीड महिना माझ्यासमोर कोणी हसलंच नव्हतं.

धाकटीला जाऊन आज सेहेचाळीस दिवस झाले. वय चौतीस. झाडांच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. छातीत पाणी झालं होतं म्हणे. थोरला म्हणतो, आई, घर रिकामं करू, झाडं वाटून टाकू, तू आमच्याकडे चल. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तुला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. ते खरं आहे. पण एकतीस वर्षं मी हवामान खात्यात निरीक्षक होते. ठरल्या वेळी तापमान, आर्द्रता, वारा वाचायचा आणि वहीत लिहायचा. अंदाज चुकले की लोक आम्हाला हसायचे. अंदाज करणारे साहेब वेगळे असायचे. माझं मोजमाप चुकलं नाही आणि वहीतला एकही रकाना कधी रिकामा राहिला नाही.

आज पोटभर जेवले. उद्यापासून कामाला लागायचं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस साफसफाई. धाकटी गेल्यावर थोरल्याने धुक्याचं यंत्र, पंखा आणि गारव्याचं यंत्र बंद करून टाकलं होतं. एकेचाळीस ऑर्किडांपैकी एकोणीस मेली. थोरल्याला बोलले नाही. त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

धाकटी औषधांच्या दुकानात कामाला होती. त्यामुळे अक्षर मुंगीएवढं आणि सगळ्याला चिठ्ठी. प्रत्येक झाडाची चिठ्ठी वाचली. ते मूळचं किती उंचीवर राहतं, तिथे धुकं किती तास असतं, दिवसा किती अंश, रात्री किती, कशावर वाढतं. कोणी शेवाळलेल्या फांदीवर, कोणी ओल्या कड्यावर. मातीत एकही नाही. कुंडीत पाणी तुंबलं की मुळं गुदमरून कुजतात. नळाचं पाणी सोसत नाही, साठवलेलं पावसाचं द्यायचं. पंखा थांबवायचा नाही, कारण त्यांच्या डोंगरावर वारा थांबत नाही. बहुतेक लोकांकडे ही झाडं अतिमायेने मरतात, असं तिने एका ठिकाणी लिहिलं आहे. आणि तिच्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर हे: झाडाला आपल्या घराची सवय लावायची नसते, आपल्या घराला त्याच्या डोंगराची सवय लावायची असते.

एक झाड वेगळं आहे. नाव ‘पाहुणी’. डोंगर हिंडून आलेल्या कोणीतरी तिला दिलं, मूळ नाव ठाऊक नाही. आधाराला बुंधा नाही, साल नाही, नुसत्या तारेला टांगलेलं. मुळं सुकून दोऱ्यासारखी झाली होती. चिठ्ठीवर दिवसा १८, रात्री १२, आर्द्रता ८८. कशावर वाढते, या ओळीत आधी ‘साल’, मग ‘नेच्याचं खोड’, मग ‘दगड’. तिन्ही खोडलेले. त्यांच्यापुढे एकच शब्द: ‘कळलं.’ काय कळलं, ते लिहिलेलं नाही.

धुक्याच्या यंत्राच्या तोट्या उघडून घासल्या. संध्याकाळी खोलीत धुकं भरलं. आर्द्रता ८८, तापमान १८. हुबेहूब. थोरल्याला फोन करून सांगितलं, की यातलं आता एकही मरू देणार नाही. एक गेली तेवढी पुरे.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाहुणी जगली. चंदेरी मुळं पाणी पिऊन हिरवी झाली आणि टोकं नव्याने वाढू लागली. सगळी टोकं खुर्चीकडे वळलेली आहेत. आधी वाटलं वाऱ्यामुळे असेल, पण पंखा उलट बाजूला आहे. परवा खुर्ची दाराजवळ नेऊन बसले. आज टोकं दाराकडे. नोंद केली.

मी दिवसातले चार-पाच तास खोलीतच असते. स्वेटर घालून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घरमालकीण सूप घेऊन आल्या. म्हणाल्या, ताई, रंग गेलाय तुमचा, फ्रीजमध्ये ठेवली तर भाजीसुद्धा आठ दिवसांत मान टाकते. मी सांगितलं, मी भाजी नाही. त्या म्हणाल्या, तुमची लेकही असंच तोडून बोलायची.

पाहुणीला फूल आलं. नखाएवढं, ओठाच्या आतल्या बाजूच्या रंगाचं. सकाळी त्याला वास नव्हता. अकराच्या ठोक्याला आला.

धाकटीचा वास. दुसऱ्या कशाचाही नाही. नुकतेच धुतलेले केस आणि दुकानातल्या खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास, जो तिच्या ओढणीला कायमचा बसला होता. मी नाक फुलाला टेकवलं आणि तशीच उभी राहिले. घड्याळ पाहिलं तर एक वाजून गेलेला.

आरशात पाहिलं. नाकाच्या शेंड्याला मोहरीएवढा पिवळा गोळा चिकटला होता. पुसला तरी जाईना.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शनिवारी पाहुणीला दुसरं फूल आलं. त्याचाही वास घेतला. रोज अकराला घेते. तासभर तरी माझी मुलगी घरात असते. कोणाला वेड वाटलं तर वाटो.

आज दुसऱ्या फुलाच्या जागी शेंग धरलेली दिसली. ऑर्किडाची शेंग पिकायला महिने लागतात. ही तीन दिवसांत करंगळीएवढी झाली. धाकटीच्या पुस्तकात वाचलं, की काही फुलं किड्याला फसवतात. त्याच्या मादीचा वास सोडतात. तो वेडा येऊन बिलगतो, पराग त्याच्या डोक्याला चिकटतात, आणि पुढच्या फुलाला तो ते नेऊन देतो. त्याला मिळत काहीच नाही. वाचून त्या किड्याची कीव आली. मग हात आपोआप नाकाकडे गेला.

थोरल्याचा फोन आला. दोन तारखेच्या रविवारी नातीला घेऊन येतो आहे. सहा वर्षांची पोर, तिला उशाशी ठेवायला आत्याचं एक झाड हवं आहे. मी पाहुणी देईन म्हटलं. तिला हीच आवडेल.

घरमालकिणींनी ओढून डॉक्टरकडे नेलं. माझं अंग ३५.६. त्यांनी तापमापक झटकला, दुसरा लावला. तेवढंच. घर गरम ठेवा म्हणाले. मी म्हटलं, जमणार नाही, झाडं आहेत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

धाकटीच्या नोंदवहीत तीन रकाने आहेत. खोलीचं तापमान, आर्द्रता, आणि तिसऱ्याला नाव नाही. त्यातही अंशच लिहिलेले. खोलीत आणखी एखादा तापमापक असेल म्हणून मी तीन आठवडे शोधत होते. तो रकाना माझ्याकडून रिकामा राहत होता आणि मला ते डाचत होतं.

आज सापडला. पेनांच्या डब्यात, सुईसारखा, झाडांच्या मुळांत खुपसायचा असतो तो. शेजारी स्पिरिटची बाटली आणि कापूस. झाडांची सुई कोणी स्पिरिटने पुसत नाही. जिभेखाली धरायची असेल तरच पुसतात.

तिसरा रकाना तिचा स्वतःचा आहे.

जुलै अखेर ३६.५. आठ ऑगस्टला समासात दोन शब्द: ‘शेंग फुटली’. नऊला ३५.१. बाराला ३१.० आणि त्याखाली ‘फार शांत वाटतं’. पंधराला २६.४. अठराला १८.०.

अठरा अंशांचा माणूस लिहू शकत नाही. पण अक्षर तिचंच आहे, मुंगीएवढं, एकही ओळ वाकडी नाही. एकोणीसला ती गेली.

कशावर वाढते, ते आता मलाही कळलं. आणि पाहुणीला मरणाच्या दारातून ओढून आणलं ते मीच.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कात्री आणि पिशवी घेऊन गेले होते. शेंग पिशवीत घालायची, देठ कापायचा, जाळून टाकायचं. दहा वाजता जायला हवं होतं. पिशवी शोधण्यात अकरा वाजले.

वास आला. मी वाकले. एकदाच, शेवटचं, म्हणून.

शेंग तोंडासमोर फुटली. धुरासारखं बारीक बी. मी तेव्हा श्वास आत घेत होते.

ऑर्किडाच्या बियांना स्वतःची शिदोरी नसते, असं पुस्तकात आहे. बुरशीने भरवलं तरच रुजतात. बुरशी, ओल आणि गारवा. या खोलीत मी महिनाभर तीच हवा घेते आहे. ओल छातीत असतेच. राहिले फक्त अंश.

सुई लावली. ३४.८.

३० ऑक्टोबर, गुरुवार

खोकला. रुमालावर चंदेरी दोरा, टोक हिरवं. ३३.१.

थोरल्याला सांगितलं येऊ नको. तो म्हणाला, आई, आवाज ऐक तुझा, आता तर येणारच. फोनमागे नात विचारत होती, झाड केवढं आहे. डॉक्टर म्हणतात, भरती व्हा. दवाखान्यात शंभर छात्या आहेत. मी जाणार नाही.

रडत बसणार नाही. पाहुणीचा डोंगर मला तोंडपाठ आहे. किती अंश, किती धुकं, किती वारा. ज्याला बांधता येतो त्याला मोडताही येतो.

धुकं बंद. पंखा बंद. गारवा बंद. घरमालकिणींचा हीटर मागून आणला. त्या म्हणाल्या, आली एकदाची अक्कल. काचांच्या फटींना चिकटपट्टी लावली. आयुष्यात पहिल्यांदा वाटतं आहे, की मला ताप यावा.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

खोली २९. आर्द्रता ५१. मी ३२.४.

बाकीची झाडं माना टाकताहेत. त्यांचा काही दोष नव्हता. धाकटे, माफ कर.

पाहुणी काळी पडते आहे. तरी वास वाढतोच आहे — अकरा वाजून गेले, दोन वाजले, तरी — फुलाजवळ गेले, तिथे वास नाही. दाराशी आहे. आरशाशी आहे. मी तोंडावर हात धरला तेव्हा कळलं.

माझ्या श्वासाला येतो आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

खोली ३८. आर्द्रता ३०. मी ३३.०. आकडा चढतो आहे.

उजवा हात आपणहून धुक्याच्या बटणाकडे जातो. दोनदा गेला. तिच्या ओढणीने खुर्चीला बांधला आहे. डाव्याने लिहिते. अक्षर वाकडं — चालेल.

पाहुणी तारेवरून गळून पडली. बाहेरची मेली. आतली —

आत ती हलते. उष्णता नको आहे तिला. जितकी हलते तितका धाकटीचा वास. केस धुऊन मांडीवर डोकं ठेवून — नको. ही तू नाहीस. तू असतीस तर तूच हीटर लावला असतास.

पुन्हा एकदा जाते आहे माझी पोर. जाऊ दे. नको — जाऊ दे.

हात बांधण्याआधीच थोरल्यासाठी चिठ्ठी दाराला बाहेरून लावली. दार उघडायचं नाही. पोरीला जिन्यातसुद्धा थांबवायचं नाही. झाड मिळणार नाही, आजीने शब्द मोडला म्हणून सांग. सगळं जाळायचं. खुर्चीसकट.

२ नोव्हेंबर, रविवार

खोली ४३. हवा करवतीसारखी कोरडी. सकाळी सहाला मी ३६.२.

आठला ३७.०. निरोगी माणसाइतकी. हसले. खोकल्यात दोरे, पण टोकं तपकिरी —

नऊला ३८.१. ताप आला. आला एकदाचा! हिच्या कोणत्याही डोंगरावर एवढं ऊन नाही.

दार वाजतं आहे. थोरला. नात हाक मारते, आजी, झाड कुठाय? चिठ्ठी वाच रे. वाच आधी — कडी घातली आहे. कडी काढणार नाही —

१०.४०. ३८.८. छातीत काहीतरी पकड सोडतंय. की धरतंय —

ओढणीची गाठ सैल झाली. दातांनी पुन्हा घट्ट ओढली.

अकरा वाजले. वास आला नाही.

आला नाही. माझी मुलगी तू घेतलीस, नात नाही. मीही नाही. तिसरा रकाना रिकामा सोडणार नाही —

११.०५ — ३९.१

११.१० — ३९.६

११.१५ —