कोठीला दार कसलं लावू

३ फेब्रु., मंगळ.
कोठीचं भगदाड अजून तसंच. गवंड्याने भिंत पाडून खांबापासून खांबापर्यंत सहा फूट मोकळं करून दिलं, म्हणजे सासूबाईंचा वॉकर सरळ आत जाईल. वॉकर जातो. सासूबाई जात नाहीत. आज स्वयंपाकघरात आल्या, आतल्या फळ्या पाहिल्या. माझे स्टीलचे डबे आणि त्यांचे पितळी डबे एकाच फळीवर. लेकाला, प्र.ला, म्हणाल्या, "आधी दार लाव याला. मग माझ्या जेवणाचं बघू."
म्हणजे दार लागेपर्यंत केळी, दूध, भाजलेले शेंगदाणे. खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई! डॉक्टर म्हणतात भरपूर खाऊ घाला.
इतकी वर्षं आमच्याकडे आल्या की दुधात मळलेल्या दशम्या बरोबर आणायच्या, पाण्याचा तांब्यासुद्धा. तेव्हा दोन दिवसांचा प्रश्न असायचा, मी हसण्यावारी न्यायचे. आता औंढ्याला एकट्या राहू शकत नाहीत, म्हणून वसमतला आणलं. त्या देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरच्या, मी बंजारा तांड्यावरची. एवढ्यात सगळं आलं. प्र. आंघोळ करून, सोवळं नेसून त्यांचा वेगळा भात लावायला तयार आहे. पण तांदूळ माझ्या हाताच्या टप्प्यात उघडा पडलेला. तो चालत नाही.

५ फेब्रु., गुरु.
प्र.ने शक्कल लढवली. दार येईपर्यंत पडदा. माझी जुनी चादर खिळ्यांवर ताणून लावली आणि लढाई जिंकल्यासारखा उभा राहिला. सासूबाईंनी लांबून पाहिलं.
"सुती हाय की रे. तिचा पदर याला लागला म्हंजे याचं सोवळं गेलं. रेशमी असता तर चाललं असतं."
नवरा माझ्याकडे बघतो! माझ्याकडे एकच रेशमी साडी आहे, लग्नातली. म्हटलं, ती पिठाच्या डब्यांसमोर टांगणार नाही, मग काय व्हायचं ते होवो. चादर काढली. शेंगदाणे चालू.

७ फेब्रु., शनि.
दारांच्या दुकानात. नवीन घराचं दार निवडायला बायका किती हौसेने जातात. मी गेले दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून.
दोन पल्ल्यांचं दार: उघडलं की पल्ला थेट गॅसच्या ओट्यापर्यंत येणार, मध्ये वॉकर आला तर म्हातारी पडणार. घडीचं दार: खालच्या पट्टीत वॉकरचं चाक अडकणार. दुकानदार म्हणाला, "ताई, घडीचंच घ्या, पूरा खुलता है." म्हटलं, भाऊ, आमच्यात पुरं उघडायचंच नाही.
मग सरकतं दार. वर टांगलेलं, खाली पट्टी नाही. फक्त एका वेळी एकच बाजू उघडते. डावी उघडली की उजवी बंद. प्र. एकदम खुलला. दुकानदारासमोर, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मस्त! डावी आईची, उजवी तुझी. कुणाला तकलीफ नाही."
कुणाला तकलीफ नाही. माझ्याच स्वयंपाकघरात माझी वाटणी माझ्या नवऱ्याने दुकानात उभं राहून केली, आणि मी मान डोलावली, कारण घरी ती बाई केळ्यावर जगून राहिली. रिक्षात बाहेर बघत बसले. त्याला वाटलं मी दमले.

१० फेब्रु., मंगळ.
दार तयार व्हायला वेळ आहे म्हणे. सासूबाईंना सकाळी भोवळ. बीपी खाली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे घरीच सलाइन लावली. शीर सापडेना, इतक्या सुकल्या आहेत. मीच हात धरला, मीच सुई टोचली, तासभर तो हात मांडीवर घेऊन बसले. एका शब्दाने हरकत नाही.
राहवलं नाही. विचारलं, "आई, माझ्या हातची सुई चालते, भात काहून चालत न्हाई?"
म्हणाल्या, "औषधाला सोवळं नसतं गं." अगदी साध्या आवाजात. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

११ फेब्रु., बुध.
औषधाला सोवळं नसतं ना? तांदळाची पातळ पेज केली, औषधाच्या मापाच्या कपात ओतली, नेली. त्यांनी कप नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला.
"लेकरा, मला फसवू नको."
लेकरा म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि नेमकं यासाठी.
पेज मी उभ्याउभ्या पिऊन टाकली. मोरीत ओतवेना.

१३ फेब्रु., शुक्र.
याडीचा, माझ्या आईचा, फोन. तिच्यापाशी रडले. तांड्यावर हळद उकडणं चालू आहे, मागे कढईचा आणि माणसांचा गलका. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल, जावयाला चार शब्द सुनावेल. तर म्हणते, उपाशी म्हातारीशी कसली बरोबरी करतेस, लाव दार.
म्हटलं, "आणि माझं काय? मी बाटगी ठरते त्याचं काय?"
तिने कुणाला तरी कढई बघायला सांगितलं. मग म्हणाली, "तुझं दुखतंय ते खरंच हाय बाई. पण ती मेली तर तुला जास्त दुखंल."
मला तिचा रागच आला. खरं बोलते म्हणून जास्त.

१७ फेब्रु., मंगळ.
दार बसलं. पांढरं, गुळगुळीत, एका बोटाने सरकतं. सामान सगळं नवीन आणलं, प्र.ने आंघोळ करून डाव्या बाजूला लावलं. पितळी डबे तिकडे, माझे इकडे. सासूबाई वॉकर घेऊन आल्या, आपली बाजू उघडली, लावली, परत उघडली. "बराबर हाय," म्हणाल्या. प्र.च्या डोळ्यांत पाणी. उद्यापासून जेवतील म्हणाला.
मी पीठ घ्यायला गेले तेव्हा त्यांची बाजू उघडी, म्हणून माझी बंद. उभी राहिले. माझ्याच घरात, रिकामी परात घेऊन, रांगेत.

१८ फेब्रु., बुध.
हसावं की डोकं आपटावं! सकाळी माझी बाजू उघडून आत गेले, हात लांब केला तर हाताला पितळी डबा. आत भिंतच नाही! फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. आम्ही सगळे शहाणे दाराच्या मागे लागलो, दोन बाजू केल्या, आणि आतून कोठी एकच. कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिस्त्रीच्या नाही, नवऱ्याच्या नाही, माझ्याही नाही.
डब्याला हात लागला हे मी आणि तो डबा दोघांनाच माहीत. गप्प बसले असते तर कदाचित जेवल्या असत्या. पण त्या दिवशीचं "फसवू नको" कानात होतं. सांगून टाकलं. प्र. माझ्यावर ओरडला, "कशाला सांगितलंस? काय गरज होती?"
सासूबाईंनी वॉकर वळवला. दूध घेतलं. अर्धं ठेवलं.

२० फेब्रु., शुक्र.
आत मधोमध प्लायची उभी भिंत ठोकून झाली. परत नवीन सामान. आता तरी. प्र.ने सोवळं नेसून भात आणि वरण केलं. भात खाली लागलेला, वर कच्चा. सासूबाईंनी ताटाबाहेर भाताची शितं ठेवून चित्रावती घातली, दोन घास घेतले, हात धुतला.
प्र. म्हणाला, "आई, आता काय राहिलं? दार लावलं, भिंत लावली."
"न्हाई रे, तुझं काही चुकलं न्हाई. घास जात न्हाई."
मागच्या खोलीत जाऊन तो रडला. मी ऐकलं, गेले नाही. माझ्यात ताकद नाही आता. सासूबाईंचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. दार हे कारण नव्हतंच की काय? मग काय आहे? वॉर्डात असे पेशंट पाहिलेत मी, ज्यांनी आतून सोडून दिलेलं असतं. मला भीती वाटते. इथे लिहिते, कुणाला सांगत नाही.

२३ फेब्रु., सोम.
प्र. ऑफिसला. मी रजा टाकली, कारण सासूबाईंना एकटं सोडायची हिंमत होत नाही. माझ्यापुरती भाकरी थापत होते. सासूबाई वॉकर घेऊन आल्या, कोठीसमोरच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मला वाटलं चक्कर येते आहे.
"आंघोळ झाली का तुझी?"
तव्यावरची भाकरी करपली. दवाखान्यात जाणारी बाई मी, रोज अंधारात आंघोळ करते! डोक्यात सणक गेली. इतकी वर्षं, दार, भिंत, आणि शेवटी हा प्रश्न. वाटलं विचारावं, आंघोळीने मी तुमच्या घरची होते का? आणि आंघोळ झाली नसती तर?
म्हटलं, "व्हय. झाली."
त्यांनी आपली बाजू सरकवली. वीतभर. तिथेच थांबल्या. हो म्हणाल्या नाहीत, घे म्हणाल्या नाहीत. नंतर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "प्रसाद भातात पाणी लई कमी घालतो."
तांदूळ काढताना मनात राग होता की आणखी काही, खरंच सांगता येणार नाही. लहानपणापासून जेवढं पाणी घालत आले तेवढं घातलं. भात मऊ केला. तूप घातलं. ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि लांब होऊन इथे उंबऱ्यात बसले, वही घेऊन, नाहीतर टक लावून बघितलं असतं.
पाणी फिरवलं ताटाभोवती. चित्रावती अजून घातलेली नाही. आता हात ताटाशी आहे, भाताला लागलेला नाही. वाफ कमी होते आहे. वर बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावलंय.