नळघराचा कोरा पेपर

१२ जुलै

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू हो-नाहीच्या पुढे जात नाहीस, म्हणून लिहितेय. उत्तर पानभर तरी हवं. तुझी लेक मजेत आहे. वेळेवर जेवते, उशिरा उठते, आणि या घरात मुख्याध्यापिका नक्की कोण हे अजून ठरायचंय. फौजदार हे नाव तिला तू ठेवलंस, भोगतेय मी.

आता माझं ऐक, कारण मी घाबरलेय. उन्हाळ्यातच वरून पत्र आलं होतं. पाचवी ते सातवीचे निकाल ऑक्टोबरच्या चाचणीत सुधारले नाहीत, तर हे तीन वर्ग हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत हलवणार. ट्रकांच्या रांगेतून ती चिमुरडी पलीकडे जाणार कशी, हे पत्रात नव्हतं. निम्मी घरीच बसतील.

म्हणून सुट्टीत मी एक बेत आखला. सगळ्या शाळेची चार घरं केली, प्रत्येक घरात सगळ्या इयत्तांची मुलं. जे घर जिथे बसतं तेच त्याचं नाव: जिनाघर, नळघर, फाटकघर, घंटाघर. रोजचा शेवटचा तास घराचा. नववीतल्या प्रत्येकाने आपल्या घरातलं एक लहान मूल घ्यायचं आणि त्याला शिकवायचं. पहिल्या नंबराला काहीच नाही. पहिल्या चाचणीपासून वर्षअखेरपर्यंत आपलं मूल जितकं वर चढेल, तितके गुण घराला. जिंकणाऱ्या घराला गच्चीवरची खोली वर्षभर वापरायला. शाळा उघडली त्याच दिवशी मी हे सगळं पटांगणात फळा मांडून नीट समजावलं. मुलांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, निम्मं काम झालं.

काल पहिल्या चाचणीचे पेपर तपासून झाले. भाऊ, अख्खी पाचवी आडवी झाली. सहावी-सातवीही त्याच वाटेने. बेकरीवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना बिनचूक मोड परत देतो, त्याला साधी बेरीज आली नाही. गणिताचे सर गठ्ठा टेबलावर ठेवून गेले आणि मी एकेक पेपर पुन्हा पाहिला. तुझी फौजदार नळघराची प्रमुख. तिच्या वाट्याला पाचवीतली एक मुलगी आलीय, रस्त्याच्या कामावरच्या जोडप्याची, यंदाच आलेली. रांगेत सगळ्यांच्या मागून चालते म्हणून तिला मुंगी म्हणतात. तिने तर सगळेच पेपर कोरे दिले. एका सुट्टीत मुलं इतकं विसरतात का रे?

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आक्का

२३ जुलै

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. तू घाबरलीस हे वाचूनच मला धक्का बसला. आजवर लोकच तुला घाबरत आले.

पोरं विसरली नसतील, धास्तावली असतील. नवं काही सुरू झालं की हात थरथरतातच. क्रेनवर पहिल्या दिवशी मी लोखंडी पेटी पाण्यात उतरवली होती, तुला आठवत असेल. बेत मात्र चांगला आहे. तू सातवीत आणि मी तिसरीत असताना जिन्यावर बसवून तू माझे पाढे घ्यायचीस. तेव्हा घरं नव्हती, गुण नव्हते, नुसता माझा कान होता. पाढे अजून पाठ आहेत आणि उजवा कान अजून जरा लांबच आहे. नळघर हे नाव मात्र इथे सगळ्यांना फार आवडलं. पाणी कधी येतं, असं विचारत होते.

फौजदारावर लक्ष ठेव. लहानपणी ती बाहुलीलाही उभं करून फैलावर घ्यायची. त्या मुंगीचं काय होईल या काळजीत आहे.

चुकलंमाकलं पोटात घाल आणि आपला म्हणत जा.
तुझा,
भाऊ

१४ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच. दुसऱ्या चाचणीचे निकाल लागले आणि माझा अजून विश्वास बसत नाही. पाचवी अशी वर आलीय की गणिताच्या सरांनी बेरजा पुन्हा तपासल्या, मग मी तपासल्या, मग हेडक्लार्कने. तीन महिन्यांत एवढी उडी मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही. तपासणी अधिकारी स्वतः आले. चष्मा पुसून पुन्हा कागद पाहिले, आणि पुढच्या महिन्यात इतर शाळांच्या मुख्याध्यापकांना घेऊन येतो म्हणाले. वर्ग इथेच राहतील असंही सुचवून गेले. त्यांच्यासमोर मी गंभीर चेहरा ठेवला. ते गेल्यावर खोलीचं दार लावून हसले. शेवटच्या तासाला शाळेत फेरी मारशील तर तोंडात बोट घालशील. पायऱ्यापायऱ्यांवर एक मोठं डोकं आणि एक लहान डोकं, एकाच पुस्तकावर वाकलेली.

फक्त मुंगी हलली नाही. पुन्हा कोरे पेपर. फौजदार तिच्यावर फार चिडलीय. पोरगी मुद्दाम करते, सांगूनही ऐकत नाही, असं जेवताना पुटपुटत होती. मी खोदून विचारलं तर ताट उचलून गेली. नळघर शेवटून पहिलं आलं, त्याचा राग असेल.

आज फार आनंदात आहे, तू हवा होतास. लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी,
आक्का

२७ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र फाडून टाक. मी काय काय मिरवलं ते आठवून मान वर होत नाही.

काल जिनाघराचा प्रमुख माझ्या खोलीत तक्रार घेऊन आला. नळघराने लबाडी केली, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, कसली. तर तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला की पहिल्या चाचणीत लहानांना किती पाडायचं हे चारही प्रमुखांनी मिळून ठरवलं होतं. हुशारांनी निम्म्याच्या खाली यायचं, पण पेपर कोरा कोणीही द्यायचा नाही, कारण मग संशय येतो. नळघराने मुंगीला सगळे पेपर कोरे द्यायला लावले, आणि आता वर्षअखेरच्या मोठ्या उडीसाठी तिला राखून ठेवलंय. हा कराराचा भंग आहे, तेव्हा बाईंनी नळघराचे गुण कापावेत.

भाऊ, तो बोलत होता आणि मी जुलैचा निकाल पुढे ओढून पुन्हा पाहत होते. त्या मुलाला आपण काय कबूल करतोय याचा पत्ताच नव्हता. त्याला न्याय हवा होता, तोही माझ्याकडून. मी चौघांना उभं केलं आणि ही कल्पना कुणाची असं विचारलं. तिघांनी खाली पाहिलं. तुझ्या लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की कल्पना तिची. वर असंही म्हणाली की वर्ग वाचावेत अशी माझीच इच्छा होती, आणि खालून सुरुवात केली तरच उडी मोठी दिसते.

तिच्यावर हात उगारला नाही एवढंच. मी रागावले होते, त्याहून जास्त हबकले होते. मी स्वतः फळा मांडून पोरांना ही वाट दाखवली, आणि पेपर तपासताना एकदाही मनात आलं नाही. आता अधिकाऱ्यांना सांगावं तर वर्ग जातात. न सांगावं तर पुढच्या महिन्यात दहा शाळांसमोर मी ही उडी दाखवत उभी राहणार. घरात आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. तू काहीतरी लिही.

आक्का

५ नोव्हेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी क्रेन बंद करून खाली उतरलो. माझ्या लेकीने एवढं मोठं कारस्थान रचलं आणि मला त्याचा सुगावा नाही, याने मी सुन्न झालोय. तिला वेगळं लिहितोय, आणि गोड लिहिणार नाही.

तू सांगून टाक. तुला गप्प राहणं जमणार नाही, जमलं तरी पचणार नाही. लहानपणी माझी चुगली करायलासुद्धा तुला रात्रभर दम निघायचा नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ती मुंगी. पाचवीतलं पोर दोन-दोन चाचण्या सगळे पेपर कोरे ठेवतं, ओरडा खातं, तरी उडीसाठी थांबून राहतं, हे मला काही पटत नाही.

मोठ्या मनाने घे, आणि आम्हा बाप-लेकीला अंतर देऊ नकोस.
तुझा,
भाऊ

२४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र मिळालं. त्यातलं सगळं मला मान्य आहे. आत्या माझ्याशी पुन्हा बोलते, पण अजून बाईंच्या आवाजात.

आत्याने अधिकाऱ्यांना बोलावून सगळं सांगितलं, आम्हा चौघांना शेजारी उभं करून. ते इतके चकित झाले की बराच वेळ टोपण नसलेलं पेन खिशाला लावत राहिले आणि शर्टावर शाई पडली. मग त्यांनी स्वतः पेपर काढून पाचवी ते सातवीची नवी चाचणी घेतली. घरांचे गुण बंद. लहानांना सांगितलं की येईल ते सगळं खरं लिहा. गंमत म्हणजे मुलं मागच्या वर्षीपेक्षा खरोखर पुढे गेलीत. उडी नाही, पण एक-दोन पायऱ्या नक्की. बेकरीवाल्याचा मुलगा म्हणाला की चुकीचं उत्तर लिहायचं तर आधी बरोबर कोणतं ते काढावं लागायचं. अधिकारी हसले नाहीत, पण वर्षअखेरपर्यंत वर्ग इथेच ठेवतो म्हणाले. त्यापुढचं तेव्हाच्या निकालावर, आणि तो पेपरही त्यांचाच. शेवटचा तास मात्र चालू ठेवायला सांगितलाय.

बाबा, मुंगीने ही चाचणीही कोरी दिली.

मला इतका राग आला होता की मी तिला हाताला धरून नळापाशी नेलं आणि म्हटलं, आता नाटक संपलं, आता का करतेस. तिला काही समजेना. मी तिच्यापुढे पुस्तक उघडून वाच म्हटलं. ती चित्राकडे पाहून बोलू लागली, ओळींवरून बोट फिरवत, आणि ओळींत तसलं काहीच नव्हतं. मी एक अक्षर दाखवलं, मग दुसरं. बाबा, तिला एकही येत नाही. कधी आलंच नव्हतं. रस्ता जिथे जातो तिथे तिचे आई-वडील जातात आणि प्रत्येक शाळेत ती मागच्या बाकावर बसून पुढच्या वर्गात गेली.

मी पुस्तक मिटलं. जुलैत मी तिला सांगितलं होतं की पेपरात काही येत नसल्यासारखं करायचं. ती लगेच हो म्हणाली होती, आणि मला वाटलं, किती समजूतदार मुलगी मिळाली. पहिल्या चाचणीपर्यंत शेवटचा तास मी तिला येत नसल्यासारखं कसं करायचं हेच शिकवत होते. पहिल्या चाचणीचे पेपर परत मिळाले तेव्हा नळघरात सगळ्यांसमोर मी तिला उभं केलं, हिच्यासारखं कोणालाच जमलं नाही म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिच्या कोऱ्या पेपरावर मी लाल पेन्सिलने मोठी चांदणी काढून दिली. त्यानंतरच्या तासांना मी धडे वाचून दाखवत होते आणि ती माझ्यामागून बिनचूक म्हणत होती, म्हणून मला काही कळलंच नाही. मग ऑक्टोबरपासून त्याच कोऱ्या पेपरासाठी मी तिला रागावत होते, आणि आधी शाबासकी देणारी ताई आता का ओरडते, हे तिला कळत नव्हतं. तिने मला ते विचारलंही नाही.

आत्याला मी त्याच दिवशी सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि तिचा आवाज बाईंचा राहिला नाही. आम्ही दोघी रडलो. आता मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाला आम्ही दोघी मिळून मुंगीला पहिल्या अक्षरापासून शिकवतो. गुण कोणालाच नाहीत.

काल लिहायला कागद संपले होते. मुंगीच्या कंपासपेटीत तो चांदणीवाला पेपर घडी करून ठेवलेला दिसला, आणि त्याची मागची बाजू कोरी होती, म्हणून मी म्हटलं, यावरच तुझं नाव लिही. तिने पेटी मिटून पाठीमागे धरली. शाळेत मिळालेली ही एकच चांदणी आहे, म्हणाली, लिहिलं तर खराब होईल.

तुम्ही रागावलात तरी पत्र लिहीत जा. आणि मला आता फौजदार म्हणू नका.
तुमचीच