सातशे पत्रं आणि एक

कोलोन, ९ मार्च १९५८

घरमालकीण फ्राऊ हुटनर दुपारी तिघांना घेऊन वाजवायला बसल्या – यानाचेकचं दुसरं क्वार्टेट. चार तंतुवाद्यं; त्यांतला व्हायोला, जरा मोठं व्हायोलिन, त्यांचा. या चेक संगीतकाराने मरायच्या वर्षी, त्र्याहत्तरीत, तीन आठवड्यांत लिहून काढलं म्हणे. तारा किंचाळतात, मग एकदम कुजबुज. मला संगीतातलं फार कळत नाही. तरी चहा गार झाला!

१० मार्च

फ्राऊ हुटनर म्हणाल्या, ‘‘यानाचेकने एका बाईला सातशे पत्रं लिहिली. तेच वाजवतो आम्ही. तुम्ही बायकोला काय लिहिता?’’

‘‘हवामान. तब्येत.’’

‘‘आल्झो – म्हणजे वार्तापत्रच!’’ हसत सुटल्या.

१२ मार्च

पुण्याच्या पेपरला मजकूर वेळेत गेला – क्वार्टेटवर साडेसहाशे शब्द. ती बाई दुसऱ्याची बायको होती, हे संपादक काढणार. काढोत. तो परक्या बाईला असं लिहितो, आणि मी माझ्याच बायकोला बर्फ किती पडलं ते कळवतो!

संपादकांची तारही आली – इथे आणखी दोन वर्षं राहता का? महिनाअखेर कळवा. स्नेहलता येणार असेल तर राहीन. तिला कधी विचारलंच नाही. साताऱ्यात माझ्या वडिलांना, अण्णांना, एकटं टाकून सून येणार नाही, असं मीच ठरवून बसलो.

१६ मार्च

स्नेहलताला लिहिलं. एकटाकी. संध्याकाळी चुकून दोन कप काढतो, मग एक परत ठेवतो – तेसुद्धा. शेवटी, ‘ये’. खोडलं नाही, पुन्हा वाचलं नाही. पेटीत टाकलं.

१७ मार्च

अरे देवा! पाकिटावर सवयीने अण्णांचंच नाव घातलं! वडील माझं प्रत्येक पत्र चहानंतर मोठ्याने वाचतात – स्नेहलतासमोर, शेजाऱ्यांसमोर. म्हणून तर इतकी वर्षं हवामान!

१८ मार्च

परत मागायला पोस्टात गेलो. पत्र विमानाने रवाना.

२४ मार्च

आज पोचलं असेल. एक ओळ लिहवत नाही.

३१ मार्च

स्नेहलताचं पत्र. ‘मामंजींनी दोन ओळी वाचल्या आणि थांबले. शेजारचे नाना म्हणाले, पुढे वाचा की! तर म्हणाले, अक्षर लागत नाही, चष्मा बदलायला झालाय – सूनबाई, तूच वाच, आत जाऊन. आज पहाटे मुंबईला गेलेत. माझ्या पासपोर्टचा अर्ज आणायला.’